गाडी ‘पाणी पिते’ म्हणजे नेमकं काय? जुन्या गाडीतली कूलंटची गळती घरीच अशी शोधा

यवतमाळ : मे महिन्यात दुपारी आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही घाटात थांबून पाहा. पुसद-वाशिम रस्त्यावरचा खंडाळा घाट असो की यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरचा करळगाव घाट. बोनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी बोलेरो, काळी-पिवळी किंवा टाटा एस हमखास दिसते. समोरून वाफ निघते, सवाऱ्या झाडाखाली बसलेल्या असतात आणि ड्रायव्हर हातात कॅन घेऊन पाणी शोधत फिरत असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही भाऊ, गाडी जरा पाणी पिते.”

गाडी पाणी पीत नाही. रेडिएटरमधलं पाणी किंवा कूलंट पेट्रोल-डिझेलसारखं जळून संपणारी वस्तू नाही. ते इंजिन आणि रेडिएटर यांच्यात गोल गोल फिरतं आणि परत तिथंच येतं. म्हणून ते दर आठवड्याला कमी होत असेल, तर ते कुठून तरी बाहेर जातंय. रोज सकाळी लिटरभर पाणी ओतून गाडी चालते खरी, पण गळती तशीच राहते आणि वाढत जाते. आज दहा-वीस रुपयांच्या क्लिपवर भागणारं काम उद्या इंजिनचं हेड उघडण्यावर जातं. तेही नेमकं कापूस जिनिंगला न्यायच्या दिवसांत किंवा रात्री पेशंट घेऊन निघाल्यावर.

गळती नेमकी कुठं आहे, हे बऱ्याच वेळा घरच्या अंगणातच कळतं. त्यासाठी महागडं मशीन लागत नाही. एक पुठ्ठा, टॉर्च, वही आणि थोडा धीर एवढं पुरतं. कसं ते क्रमाने पाहू.

आधी जीव सांभाळा

गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या वरचा.

कारण असं. साधं पाणी उघड्या भांड्यात १०० अंशाला उकळतं. पण रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबामुळे आतलं पाणी ११५-१२० अंशांपर्यंत गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात उकळून तोंडावर, छातीवर उडतं. चेहरा आणि डोळे भाजण्याची ही नेहमीची वाट आहे.

म्हणून गाडी बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. मग रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपला फडक्याने हात लावून तो दाबून पाहा. तो कडक किंवा गरम लागला तर अजून थांबा. मऊ आणि थंड झाला की झाकणावर जाड ओलं फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा आणि झाकण आधी थोडंसंच फिरवा. ‘फुस्स’ आवाज आला तर तिथेच थांबा. दाब पूर्ण गेल्यावरच झाकण काढा.

कोणी भाजलंच तर भाजलेल्या जागी किमान २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा आणि दवाखान्यात न्या. टूथपेस्ट, हळद, शाई असलं काही लावू नका.

पहिली पायरी : खरंच गळती आहे का?

पाणी कमी झालं म्हणजे पाइप फुटलाच असं नाही. तीन गोष्टी आधी तपासा.

एक, बाजूची बाटली. रेडिएटरजवळ प्लास्टिकची एक बाटली असते. तिच्यावर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा दोन खुणा असतात. इंजिन तापलं की पाणी फुगतं आणि जास्तीचं पाणी बारीक नळीने या बाटलीत जातं. गाडी थंड झाली की तेच पाणी रेडिएटरमध्ये परत ओढलं जातं. आपल्याकडे अनेक जुन्या गाड्यांत ही बाटली फुटलेली असते, नळी निघालेली असते किंवा बाटलीच गायब असते. मग फुगलेलं पाणी रस्त्यावर सांडतं आणि थंड होताना पाण्याऐवजी हवा आत येते. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पुन्हा गळ्यापर्यंत पाणी भरतो आणि पुन्हा तेवढंच सांडतं. इथे दुरुस्ती म्हणजे फक्त बाटली आणि नळी बसवणं.

दोन, झाकण. झाकणाच्या आत रबराचं वायसर आणि स्प्रिंग असते. वायसर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही. पाणी लवकर उकळतं आणि बाहेर जातं. झाकणाभोवती पांढरे ओघळ दिसले तर पहिला संशय झाकणावर घ्या. नवीन घेताना मापाचं आणि जुन्यावर लिहिलेल्या दाबाचंच घ्या. ‘बसतंय ना, मग चालतं’ असं इथे चालत नाही.

तीन, गाडीखालचं पाणी कशाचं आहे? एसी लावून आलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी टपकतं, ती गळती नाही. काच धुण्याच्या टाकीचं पाणीही खाली पडतं. कूलंट हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळसर असतं, बोटाला किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. पण तपासायला ते चाखू नका. त्यातला मुख्य पदार्थ, म्हणजे इथिलिन ग्लायकॉल, विषारी आहे.

दुसरी पायरी : वही आणि खूण

मिस्त्रीकडे जाऊन “पाणी कमी होते” एवढंच सांगितलं तर तो तरी काय करणार? किती कमी होतं आणि केव्हा होतं, हे तुम्हालाच माहीत असतं.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर, रेडिएटर गळ्यापर्यंत भरा. बाटलीत पाणी खुणेपर्यंत ठेवा आणि त्या पातळीवर मार्कर पेनने रेघ मारा. मग चार-पाच दिवस रोज सकाळी त्याच जागेवर पाहा आणि वहीत लिहा : किती किलोमीटर चालली, लोड होता का, घाट चढली का, किती पाणी टाकावं लागलं.

समजा, गाडी दोन दिवस अंगणात उभी होती तरी पातळी उतरली. याचा अर्थ गळती उभ्या गाडीतही चालू आहे आणि ती बहुतेक बाहेरच दिसेल. समजा, उभी असताना काहीच कमी झालं नाही, पण लोड घेऊन वणीला जाऊन आल्यावर अर्धा लिटर गेलं. म्हणजे गळती दाब आला की होते. आणि समजा, रोज पाणी कमी होतं पण जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. तर ते तिथल्या तिथे वाफ होऊन जातंय, नाहीतर इंजिनच्या आत जातंय. या तिसऱ्या प्रकाराला सगळ्यात जास्त घाबरायचं.

तिसरी पायरी : रात्रीचा पुठ्ठा

संध्याकाळी गाडी लावली की इंजिन आणि रेडिएटरच्या खाली मोठा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे कागद पसरा. त्यावर दगड ठेवा आणि पुढची चाकं कुठे आहेत त्याची खूण करा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहा.

डाग अगदी समोर, जाळीच्या खाली असेल तर रेडिएटर किंवा त्याचा खालचा पाइप. थोडा मागे, पंख्याच्या आणि बेल्टच्या खाली असेल तर वॉटर पंप. इंजिनच्या बाजूला असेल तर ब्लॉकवर ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या, ज्यांना गॅरेजमध्ये ‘डमी’ म्हणतात. त्या आतून गंजून बारीक छिद्र पडतं. डाग मागे, केबिनच्या भिंतीजवळ असेल तर हीटरकडे जाणारे पाइप.

पण डाग ही फक्त दिशा आहे. पाणी वरून ओघळत येतं, चेसिसवरून सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून टॉर्च घेऊन खालून वर जा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. गळती तिथे असते. पंखा फिरताना पाणी सगळीकडे उडवतो, त्यामुळे इंजिन चालू असताना सगळंच ओलं दिसतं आणि माणूस फसतो. ही तपासणी इंजिन बंद आणि थंड असतानाच करा. टाटा एससारख्या गाडीत इंजिन सीटखाली असतं, तेव्हा सीट उचलूनच पाहावं लागतं.

थेंब दिसला नाही तरी खूण दिसते. कूलंट वाळलं की हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. साधं पाणी वाळलं की पांढरा चुन्यासारखा डाग राहतो. इंजिन आधी डिझेल-तेलाच्या चिखलाने माखलेलं असेल तर ते साफ करून एक दिवस चालवा, मग पाहा. घाणीत गळती दिसत नाही.

नेहमीच्या जागा आणि त्यांची लक्षणं

रबरी पाइप : वरचा, खालचा आणि मधले छोटे पाइप हाताने दाबून पाहा. पाइप फुगलेला, पिलपिला झालेला किंवा वाकवल्यावर चिरा दाखवणारा असेल तर तो बदला. जिथे क्लिप आहे तिथे नीट पाहा. काही गाड्या सकाळी थंड असताना क्लिपमधून टपकतात आणि गरम झाल्यावर थांबतात. कारण थंडीत रबर आणि लोखंड आकसतं आणि सैल क्लिपमध्ये फट राहते. पाइप तारेने बांधलेला असेल तर आधी तिथेच योग्य मापाची क्लिप लावा.

रेडिएटर : नवीन प्रकारच्या रेडिएटरमध्ये मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि वरखालच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. दोन्ही जिथे जोडलेले असतात ती कडा जुनी झाली की सुटते. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळून मिळतात, पण प्लास्टिक टाकीला एम-सील लावून दाब फार दिवस टिकत नाही.

वॉटर पंप : पंपाच्या खालच्या बाजूला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी यायला लागतं. ते छिद्र बंद करू नका. ते इशारा द्यायलाच ठेवलेलं असतं. इंजिन बंद असताना पंपाची पुली हाताने हलवून पाहा. ती लडबडत असेल किंवा चालू गाडीत तिथून करकर आवाज येत असेल तर पंप संपत आला. अनेक जुन्या गाड्यांत पंखा याच पंपावर बसवलेला असतो. बेअरिंग तुटलं तर पंखा थेट रेडिएटरमध्ये घुसतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

हीटर : डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळला तर बाहेर काहीच दिसत नाही. पायाखालचं मॅट ओलं होतं, केबिनमध्ये गोड वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतं.

चौथी पायरी : आतली गळती ओळखा

बाहेर सगळं कोरडं आहे आणि तरी पाणी कमी होतंय, तर आता इंजिनच्या आत पाहायचं. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. ती एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवते : जळता गॅस, ऑइल आणि पाणी. गाडी एकदा जरी खूप तापली, तरी हेड किंचित वाकतं आणि गॅस्केट जागा सोडते. त्याची लक्षणं अशी :

ऑइल : सकाळी ऑइलची पट्टी काढा. ऑइल काळं असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं दिसत असेल किंवा न टाकता पातळी वाढली असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलं आहे. अशी गाडी चालू करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही आणि इंजिन जाम होतं. हिवाळ्यात थोडंच चालणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली किंचित पांढरा फेस येऊ शकतो, तेवढ्याने घाबरू नका. पट्टीवरचं ऑइल काय सांगतं ते पाहा.

रेडिएटर : पाण्यावर तेलाचा तवंग किंवा मळीसारखा थर दिसतो का? पण यात एक पेच आहे. अनेक डिझेल इंजिनांत ऑइल थंड करणारा ऑइल कूलर असतो आणि तो आतून फुटला तरी तेल पाण्यात येतं. म्हणून तेल दिसताच हेड उघडायला होकार देऊ नका. “आधी ऑइल कूलर तपासा,” असं सांगा.

धूर : थंड सकाळी सायलेन्सरमधून दोन मिनिटं वाफ येणं साहजिक आहे. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. पांढऱ्या धुराला न जळलेल्या डिझेलचा झोंबरा वास असेल तर दोष इंजेक्टर किंवा पंपाकडे असू शकतो.

बुडबुडे : ही चाचणी फक्त पूर्ण थंड इंजिनवर करा. झाकण काढा, रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, तोंड लांब ठेवा आणि दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, ते ठीक. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर पाणी उसळून बाहेर येत असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय. दोन-तीन मिनिटांत चाचणी संपवा, इंजिन तापू देऊ नका.

कडक पाइप : रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी चालू केली आणि मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर तेही गॅस्केटचंच लक्षण. एवढ्या कमी वेळात पाणी तापून दाब येत नाही, दाब सिलिंडरमधून येतोय.

आणि सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन ‘ठक्’ करून अडकलं, फिरेना, तर धक्का मारून चालू करायचा प्रयत्न करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पिस्टनचा दांडा वाकतो.

पाचवी पायरी : मिस्त्रीला काय सांगायचं?

अंगणात सापडलं नाही तर गॅरेजला न्या, पण ही दोन कामं मागून घ्या.

पहिलं, प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी हातपंप लावून, इंजिन थंड असतानाच, आत झाकणावर लिहिलेला दाब देतात आणि काटा दहा-पंधरा मिनिटं पाहतात. काटा उतरला तर गळती आहे. कुठून पाणी येतंय ते त्याच वेळी दिसतं. इंजिन बंद असल्याने पंखाही पाणी उडवत नाही. याच पंपाने झाकणही तपासता येतं.

दुसरं, गॅसची तपासणी. रेडिएटरच्या तोंडावर रंगीत द्रव असलेली नळी धरतात. पाण्यात इंजिनचा गॅस येत असेल तर द्रवाचा रंग बदलतो. हेड उघडायचं की नाही, हे या छोट्या तपासणीवरून ठरवा. हेड एकदा उघडलं की गॅस्केट, घासाई, ऑइल, मजुरी असा खर्च वाढत जातो.

तालुक्याच्या ठिकाणी प्रत्येक गॅरेजमध्ये ही साधनं असतीलच असं नाही. म्हणून आधी फोन करून विचारा. आणि आपली वही सोबत न्या. “उभ्या गाडीत काही जात नाही, लोडवर घाट चढली की अर्धा लिटर जाते, खाली डाग नाही, ऑइल साफ आहे,” एवढं सांगितलं तर चांगला मिस्त्री निम्मं काम तिथेच ओळखतो.

बोअरचं पाणी : गळतीचं मूळ अनेकदा इथेच

आता प्रश्न येतो की पाइप, पंप, डमी हे सगळं एवढ्या लवकर खराब का होतं? एक कारण आपल्या हंड्यात आहे. जिल्ह्यात अनेक गावांचं बोअरचं पाणी क्षाराचं आहे. वणी, मारेगाव, झरी-जामणी भागात तर जमिनीखाली चुनखडकच आहे. चहाच्या भांड्याला आणि गिझरला जो पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या आतही चढतो. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, गाडी तापते, दाब वाढतो आणि जी जागा कमजोर असेल तिथून पाणी फुटतं. शिवाय साध्या पाण्यात गंज लागतो. कूलंटमध्ये गंज रोखणारं औषध असतं, पाण्यात ते नसतं.

“आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?” असं अनेक जण म्हणतात. पण आपल्याला कूलंट लागतं ते गंज रोखायला आणि उकळण्याचा बिंदू वर न्यायला. पारा ४३-४४ वर असताना लोड घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला त्याची गरज जास्तच आहे.

कूलंट घेताना डब्यावर वाचा. काही डबे तयार मिश्रणाचे असतात, ते तसेच ओतायचे. काही घट्ट असतात, त्यात पाणी मिसळावं लागतं, साधारण निम्मं-निम्मं. पाणी बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, पण बॅटरीचं ॲसिड चुकूनही नको. दोन वेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नका, आणि रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असं समजू नका. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलं असेल ते टाका आणि सांगितलेल्या मुदतीत बदला.

वर्षानुवर्षं बोअरचं पाणी असलेल्या गाडीत कूलंट टाकण्याआधी रेडिएटर साफ करून घ्या. साफ केल्यावर एखादी नवी गळती दिसली तर “कूलंटने गाडी बिघडवली” असं म्हणू नका. क्षाराच्या थराने बुजलेलं जुनं छिद्र उघडं पडलं एवढंच.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक पाहावं. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचं कुटार आणि भुसा अडकतो. पाणी पूर्ण असूनही ट्रॅक्टर तापतो. इंजिन थंड झाल्यावर जाळी आतून बाहेर हवेने किंवा हलक्या पाण्याने साफ करा. जोरात फवारा मारू नका, पातळ पत्र्या वाकतात.

हळद, साबण आणि बाकीचे जुगाड

बारीक गळतीत हळद टाकायचा जुगाड जुना आहे. हळद फुगून छिद्र बुजवते आणि माणूस घरी पोहोचतो, हे खरं. पण हळदीला कोणतं छिद्र बुजवायचं हे कळत नाही. ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बाजारात मिळणाऱ्या गळती बंद करणाऱ्या पावडरीचंही तेच. जंगलात अडकलात, दुसरा इलाजच नाही, तर गोष्ट वेगळी. पण घरी आल्यावर रेडिएटर धुवून मूळ दुरुस्ती करा.

थर्मोस्टॅट काढून टाकायची सवयही अशीच. हा वॉल्व साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो आणि इंजिनला योग्य तापमानावर ठेवतो. तो बिघडला असेल तर बदला. काढून फेकल्याने गळती थांबत नाही, उलट इंजिन थंड राहून डिझेल जास्त लागतं.

रस्त्यातच काटा चढला तर

एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. “पुढच्या गावापर्यंत जाऊ” हा विचार सगळ्यात महाग पडतो. काटा चढून अचानक खाली आला तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी इतकं कमी झालं असू शकतं की सेन्सर कोरडा पडला. तेव्हा तर लगेच थांबा.

गाडी थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनवर किंवा आत थंडगार पाणी ओतलं तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर हळूहळू पाणी भरा. अशा वेळी बोअरचं, नाल्याचं, मिळेल ते स्वच्छ पाणी चालतं. घरी आल्यावर ते काढून टाकायचं एवढं लक्षात ठेवा. गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, दोन जास्तीच्या क्लिपा, पेचकस आणि टॉर्च कायम ठेवा.

ढोरं आणि लेकरं

शेवटची पण महत्त्वाची गोष्ट. कूलंट चवीला गोड असतं. कुत्रं, बकरी, वासरू सांडलेलं कूलंट चाटतं आणि किडनी निकामी होऊन मरतं. लहान मुलांच्या बाबतीतही तोच धोका आहे. काढलेलं कूलंट अंगणात, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. बंद डब्यात भरून गॅरेजला द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलंच तर त्रास दिसायची वाट पाहू नका. डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा. जनावराच्या बाबतीत लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

एमएच २९ पासिंगच्या कितीतरी जुन्या गाड्यांवर आपल्या गावागावांत घरं चालतात. बोलेरो २००० साली आली, टाटा एस २००५ साली. त्या काळातल्या अनेक गाड्या अजून सवाऱ्या आणि माल ओढताहेत. त्या अजून धावतील, पण पाणी ओतून नाही, गळती शोधून. आज संध्याकाळी गाडी लावली की एक पुठ्ठा खाली टाका. सकाळी तो काय सांगतो ते पाहा.